परसातली वांगी, मांडवावरची भाजी: पाणी, आंबट आणि खोबरं केव्हा घालायचं

कोकणात भाजीला लागणारं सामान थोडंच आहे. ओला नारळ, आमसुलं, मिरची, मीठ, गुळाचा खडा, चार चमचे तेल आणि त्या दिवशी परसात जे मिळेल ते. एवढ्याच सामानातून एका घरी वांगं मऊसूत होतं, फोड अख्खी राहते, रस दाट येतो. दुसऱ्या घरी त्याचा लगदा होतो, किंवा तासभर शिजवूनही आत करकरीत राहतं. मसाला दोन्हीकडे एकच असतो. फरक पाडणाऱ्या गोष्टी तीन: पाणी किती, आंबट कधी आणि खोबरं कोणत्या रूपात, कोणत्या वेळी. या तिन्हींचा हिशेब जमला की पाककृती पाठ करावी लागत नाही. हातात आलेली भाजी बघून पुढचं ठरवता येतं.

वांग्यावर सगळ्यात जास्त लिहिलं आहे, कारण वांग्यावर हात बसला की बाकीच्या भाज्या सोप्या जातात. प्रमाणं चार माणसांची आहेत. वाटी म्हणजे आमटीची नेहमीची वाटी, साधारण 150 मिलिलिटरची. चमचा म्हणजे पोह्यांचा, जिथे लहान हवा तिथे तसं लिहिलं आहे.

तोडताना आणि विकत घेताना

आमच्या किनाऱ्यावर वांग्याचा खरा हंगाम भातकापणीनंतरचा. दिवाळीच्या सुमारास शेत मोकळं होतं, विहिरीजवळच्या मळ्यात वांगी, मुळा, लाल माठ, चवळी लागते, आणि पौष-माघात वांगी भरात असतात. पावसाळ्यात वांग्याला कीड फार. शेंडे आणि फळं पोखरणारी अळी दमट हवेत माजते. आषाढ शुद्ध नवमीला, म्हणजे कांदेनवमीला, कांदा-वांगं पोटभर खाऊन पुढे चातुर्मासभर वांगं बंद ठेवणारी घरं अजून पुष्कळ आहेत. कोकणातल्या पावसाकडे पाहिलं तर स्वयंपाकाच्या दृष्टीनेही ते दिवस वांग्याचे नव्हेतच. तेव्हा मांडवावरचं पडवळ आणि दोडकी खावीत.

वांगं तोडायचं ते सालीवर तकाकी असताना. अंगठ्याने हलकेच दाबावं. दाबलेली जागा सावकाश वर आली तर वांगं बरोबर तयार आहे. खड्डा तसाच राहिला तर जून झालं आणि मुळीच दबलं नाही तर अजून दोन दिवस थांबावं. साल निस्तेज आणि पिवळट दिसू लागली की आत बी तयार झालेलं असतं. त्या वांग्याला कडवटपणा येतो आणि ते कितीही मसाल्यात घातलं तरी बी दाताखाली येतच राहतं. असं वांगं भरू नये. भाजून, बियांचे पुंजके काढून भरतात घालावं, किंवा झाडावरच पिकू देऊन बियाणं धरावं.

वांगं ओढून काढू नका, फांदी सोलवटते. देठ ठेवून सुरीने कापा. अळीचं भोक दिसलं म्हणून सगळं वांगं टाकायची गरज नाही. उभं चिरून बोगदा कुठवर गेला आहे ते पाहावं, तेवढा भाग आणि त्याभोवतीचं बोटभर कापून टाकावं. उरलेला गर पांढरा आणि घट्ट असेल तर चिरून भाजीला चालतो. औषध फवारलं असेल तर डब्यावर काढणीपूर्वी जितके दिवस थांबायला सांगितलं असेल तितके थांबाच, घरच्यासाठीही आणि विकण्यासाठीही.

आणि वांगी फ्रिजमध्ये ठेवू नका. दहा अंशांच्या खाली वांग्याला थंडी बाधते, सालीवर खोलगट डाग पडतात, आतला गर तपकिरी होतो. ओट्याखाली सावलीत, हवेशीर टोपलीत, दोन दिवस ती मजेत राहतात.

चिरल्यावर काळं का पडतं

वांग्याच्या गरात काही द्रव्यं अशी असतात की चिरल्यावर हवा लागली की ती तपकिरी होतात. म्हणून चिरलेली फोड लगेच मीठ घातलेल्या पाण्यात टाकायची. एक लिटर पाण्याला एक लहान चमचा मीठ पुरे. फोडी वर तरंगतात, म्हणून त्यांवर ताटली ठेवून दाबावं. पंधरा मिनिटांपेक्षा जास्त वेळ ठेवून उपयोग नाही, चव पाण्यात जाते. लोखंडी विळीवर चिरलं तर काळेपणा जास्त येतो. चालत असेल तर वांगी, केळफूल आणि कच्ची केळी स्टीलच्या सुरीने चिरावीत.

दुसरं, वांग्याचा गर स्पंजासारखा हवेने भरलेला असतो. कढईत पडल्यावर तो आधी तेल शोषतो आणि पेशी मोडून बसला की मग त्यातलं थोडं तेल परत सोडतो. घाईने वरून तेल ओतत गेलं की भाजी शेवटी तेलात पोहते. सुरुवातीला पुरेसं तेल घालायचं आणि मग हात आखडता. फोड कोरडी वाटली तर तेलाऐवजी पाण्याचा हबका मारून झाकण ठेवावं.

वाटप: हिरवं आणि भाजलेलं

कोकणी घरात 'वाटप' म्हटलं की दोन प्रकार येतात. हिरवं, म्हणजे कच्चं वाटप: ओलं खोबरं, हिरवी मिरची, कोथिंबीर, जिरं. हे नाजूक भाज्यांना, पडवळ-दोडक्याला. भाजलेलं वाटप कांदा आणि खोबरं तांबूस भाजून केलेलं; ते वांगं, वाल, काळे वाटाणे, कोवळा फणस अशा अंगाने जड भाज्यांना.

भाजलेल्या वाटपाला दोन मध्यम कांदे उभे पातळ चिरून, एक चमचा तेलात मध्यम आचेवर भाजायला घ्या. कडा तपकिरी झाल्या की चार लसूण पाकळ्या, एक चमचा धणे, दोन लवंगा आणि चार मिरी टाका. धण्याचा वास सुटला की अर्ध्या नारळाचं खवलेलं खोबरं घाला. इथून पुढे आच कमी आणि हात सतत फिरता. ओल्या खोबऱ्यातलं पाणी आधी उडतं, तोवर रंग बदलत नाही, कंटाळा येतो आणि बरेच जण याच जागी गॅस बंद करतात. थांबायचं नाही. पाणी उडालं की दोन-तीन मिनिटांत खोबरं झपाट्याने तांबूस होतं आणि खमंग वास घर भरतो. रंग सुक्या विटेसारखा तांबूस झाला की लगेच ताटात काढा. कढईत ठेवलं तर तिच्याच उष्णतेने करपतं. गार झाल्यावर अगदी थोड्या पाण्यात बारीक वाटा. पाट्यावर वाटलेल्या वाटपाला वेगळी गोडी येते हे खरं आहे, पण मिक्सरमध्ये थांबून थांबून वाटलं, भांडं तापू दिलं नाही, तर तेही उत्तम होतं.

हे वाटप फ्रिजमध्ये तीन दिवस टिकतं. बर्फाच्या साच्यात घालून गोठवलं तर महिनाभर, आणि एक वडी साधारण एका माणसाच्या भाजीला पुरते.

भरली वांगी

लागतं ते असं: लहान काटेरी वांगी आठ, वजनाने अर्ध्या किलोच्या आसपास, वरचं भाजलेलं वाटप एक वाटी, मालवणी मसाला दोन चमचे, हळद पाव चमचा, गूळ सुपारीएवढा, आमसुलं चार, मूठभर चिरलेली कोथिंबीर, मीठ, फोडणीला तीन चमचे तेल, मोहरी, हिंग.

वांग्याचा देठ कापू नका, फक्त काटे आणि देठाचं टोक काढा. देठ फोडींना धरून ठेवतो आणि स्वतःही मसाल्यात शिजून चवदार होतो. खालच्या बाजूने अधिक चिन्हासारख्या दोन चिरा द्या, पण देठापासून बोटभर आधी थांबा. प्रत्येक चीर उघडून आत बघा; बाहेरून चांगल्या दिसणाऱ्या वांग्यातही अळी निघते. मग मिठाच्या पाण्यात टाका.

वाटपात मसाला, हळद, मीठ, गूळ आणि कोथिंबीर कालवा. हे सारण चाखून पाहा. ते नुसतं खाताना थोडं खारट आणि तिखट वाटलं पाहिजे, कारण वांग्याला स्वतःची चव सौम्य आहे आणि मीठ आतपर्यंत याच सारणातून जाणार आहे. वांगी पाण्यातून काढून पालथी घाला, निथळू द्या, मग चिरांमध्ये सारण दाबून भरा. चौथा भाग सारण मागे ठेवा.

जाड बुडाच्या कढईत किंवा पसरट पातेल्यात तेल तापवून मोहरी-हिंगाची फोडणी करा. वांगी एका थरात मांडा, एकावर एक नकोत. मध्यम आचेवर हलक्या हाताने कालथ्याने फिरवत सगळीकडून साल थोडी सुरकुतू द्या. याला सात-आठ मिनिटं लागतात आणि ती द्यायलाच हवीत. साल तेलात परतली गेली की नंतर फोड सुटत नाही.

आता पाणी. वांग्यात शेकडा नव्वदहून अधिक भाग पाणीच असतं, म्हणजे अर्धा किलो वांग्यांबरोबर जवळजवळ तेवढंच पाणी कढईत आलेलं आहे. तेव्हा वरून फक्त अर्धी वाटी गरम पाणी कडेने सोडा, आच बारीक करा आणि खोलगट झाकण ठेवून त्यात पाणी ओता. झाकणावरच्या पाण्यामुळे वाफ आतच थंडावून परत खाली पडते, भाजी करपत नाही. दहा मिनिटांनी झाकण काढून वांगी उलटी करा, मागे ठेवलेलं सारण झाकणावरच्या गरम झालेल्या पाण्यात कालवून ओता, पुन्हा झाका.

देठाजवळ सुरीचं टोक घालून पाहा. लोण्यात गेल्यासारखं सहज गेलं की वांगं शिजलं. आमसूल घालायची वेळ ही, आधी नाही. आंबटात भाजीच्या पेशींना बांधून ठेवणारा भाग लवकर विरघळत नाही, म्हणून आमसूल, चिंच किंवा टोमॅटो आधी पडला की वांगं मऊ व्हायचं थांबतं. करकरीत वांग्याचं कारण दहातल्या आठ वेळा हेच असतं. आमसुलं धुऊन घाला, पाच मिनिटं बारीक आचेवर ठेवा, गॅस बंद करा आणि जेवायला बसण्याआधी निदान अर्धा तास झाकून ठेवा. मुरल्यावर या भाजीला तेलाचा तांबूस तवंग येतो.

ही भाजी अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यात करू नये. आमसुलाचं आंबट त्या धातूवर चढतं आणि रसाला कळकट चव येते. लोखंडी कढईत आमसूल घातल्यावर भाजी लगेच दुसऱ्या भांड्यात काढावी. मातीचं, स्टीलचं किंवा कल्हई शाबूत असलेलं पितळेचं भांडं चालतं.

फेब्रुवारी-मार्चमध्ये ओले काजू आले की सारणाबरोबर दहा-बारा गर टाकावेत. वांगं आणि ओला काजू यांची जोडी फार सुरेख जमते. ओल्या बीच्या सालीतल्या तेलाने हात भाजतो, म्हणून सोललेले गर आणणं बरं. घरी सोलायचे असतील तर हाताला खोबरेल तेल चोळूनच सुरुवात करा.

वाल-वांगं

रायगड आणि उत्तर रत्नागिरीत वाल म्हणजे जीव की प्राण. भात काढल्यावर जमिनीत उरलेल्या ओलाव्यावर वाल होतो आणि तो ज्या दिवसांत शेंगेला येतो त्याच दिवसांत वांगी भरात असतात. तिकडची थंडीतली पोपटी याच मेळातून येते: मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे, वांगी, मीठ, ओवा, आणि मडकं उपडं ठेवून भोवती जाळ; पाण्याचा थेंब नाही, सगळं पाल्याच्या आणि शेंगांच्या वाफेवर.

घरातली भाजी मोड आलेल्या वालाची. एक वाटी कडवे वाल आदल्या दिवशी सकाळी भिजत घाला, रात्री निथळून ओल्या कापडात घट्ट बांधा. दुसऱ्या दिवशी मोड आले की कोमट पाण्यात अर्धा तास टाका, मग चिमटीत दाबताच डाळिंबी सालीतून निसटते. हे काम वेळखाऊ आहे. घरातली दोन-तीन माणसं मिळून बसली की पटकन होतं.

दोन चमचे तेलात मोहरी, हिंग, हळद, ठेचलेला लसूण आणि कांदा परतून त्यावर डाळिंब्या, एक चमचा मसाला, दीड वाटी गरम पाणी. झाकणावर पाणी ठेवून डाळिंबी अर्धवट शिजू द्या, साधारण दहा-बारा मिनिटं. बोटाने दाबल्यावर ती मोडली पाहिजे, पण पीठ व्हायला नको. मग वांग्याच्या मोठ्या फोडी घाला. दोन्ही एकदम टाकलं तर वांग्याचा लगदा होतो आणि वाल कच्चे राहतात. पुढे कालथ्याने ढवळू नका, कढई दोन्ही कानांना धरून हलवा, नाहीतर डाळिंब्या मोडतात. वांगं शिजलं की तीन आमसुलं, गुळाचा खडा, मीठ, आणि उतरवताना पाव वाटी खवलेलं ओलं खोबरं. खोबरं घातल्यावर एकच वाफ. तांदळाची भाकरी हवीच.

काप

मोठं, कमी बियांचं वांगं घ्या. अर्ध्या सेंटिमीटरहून थोडे जाड गोल काप करा. पातळ केले तर पापडासारखे होतात, जाड केले तर बाहेरून करपून आत कच्चे राहतात. मीठ, हळद, मसाला आणि एक चमचा कोकमाचं आगळ चोळून पंधरा मिनिटं ठेवा. आगळात मीठ असतं, तेव्हा वरचं मीठ जपून. पाणी सुटेल, ते निथळा. मिठाने पाणी निघून गेल्यामुळे गर थोडा दाटतो आणि तेल कमी पितो.

दोन भाग तांदळाचं पीठ आणि एक भाग बारीक रवा मिसळून त्यात काप दाबून घोळवा, जास्तीचं झटका. लोखंडी तवा चांगला तापवून आच मध्यम करा, कडेने तेल सोडा आणि एक बाजू पूर्ण तांबूस होईतो हलवू नका, साधारण चार मिनिटं. एकदाच उलटा. इथे झाकण नको, वाफेने कुरकुरीतपणा जातो. सुरण, कच्चं केळं आणि नीरफणस यांचेही काप असेच होतात. सुरणाला मात्र आमसुलाच्या पाण्यात आधी उकळून घ्यावं, नाहीतर घसा खवखवतो.

भरीत, नारळाच्या दुधातलं

चंपाषष्ठीला, मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला, खंडोबाच्या नैवेद्यासाठी वांग्याचं भरीत होतं. देशावर ते दाण्याचं कूट किंवा दही घालून होतं. किनाऱ्यावर नारळाच्या दाट दुधातलं भरीत करतात. माझ्या मते वांग्याच्या धुरकट चवीला याहून चांगली सोबत नाही.

वांग्याला तेलाचा हात लावून दोन-तीन ठिकाणी टोचा, म्हणजे फुटणार नाही. चुलीत भाजायचं तर जाळावर नको, जाळ बसल्यावर लाल निखाऱ्यांवर ठेवा. गॅसवर भाजताना दर दोन मिनिटांनी फिरवा. साल पूर्ण काळी होऊन देठाजवळचा भागही बसला की मग काढा. देठाकडचं कच्चं राहिलं तर भरतात गाठी येतात. झाकून दहा मिनिटं ठेवा, साल आपोआप सुटते. सोललेलं वांगं नळाखाली धुऊ नका, सगळा धूर पाण्याबरोबर जातो. हात ओले करून काळे कण टिपा.

गर हाताने किंवा सुरीने ठेचा, मिक्सर नको. त्यात बारीक चिरलेला कांदा, ठेचलेली हिरवी मिरची, कोथिंबीर, मीठ, चिंचेचा कोळ एक चमचा आणि किंचित गूळ. कच्चा कांदा इथे गोड लागला पाहिजे, म्हणून अलिबागचा पांढरा कांदा मिळाला तर तो घ्या. 2022 मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं, आणि त्याचा सौम्यपणा अशा न शिजवलेल्या पदार्थातच नीट कळतो. अर्ध्या नारळाचं पहिलं दाट दूध, साधारण पाऊण वाटी, गर गार झाल्यावर कालवा. हे दूध चुलीवर चढवायचं नाही. वरून हिंग-मोहरी-सुक्या मिरचीची फोडणी, तीही थोडी निवलेली. भरीत केल्यावर दोन तासांत संपवावं. नारळाचं दूध आमच्या हवेत पटकन आंबतं.

मांडवावरची भाजी

पडवळ, दोडकं, घोसाळं आणि कोवळा दुधी यांना एकच नियम: वरून पाणी घालायचं नाही. चिरून मीठ लावलं की त्यांचं पाणी सुटतं, त्यातच ती शिजतात. दोडक्याला नख सहज रुतलं पाहिजे, पडवळ दाबल्यावर लवचीक हवं. भेंडीचं टोक कटकन मोडलं तर कोवळी. टोक नुसतं वाकलं तर दोरे धरले म्हणायचे.

पडवळ उभं चिरून बिया आणि कापूस काढा, चंद्रकोरी करा. अर्धी वाटी हरभऱ्याची डाळ दोन तास भिजवून घ्या. तेलात मोहरी, हिंग, हळद, हिरवी मिरची. त्यावर डाळ दोन मिनिटं परता, मग पडवळ, मीठ, झाकण. दहा मिनिटांत होतं. शेवटी मूठभर ओलं खोबरं आणि साखरेची चिमूट. आमसूल लागत नाही. दोडकंही असंच, त्याच्या शिरा फेकू नका, तेलात कुरकुरीत परतून तीळ, सुकं खोबरं, लसूण आणि मिरचीबरोबर वाटून चटणी करा.

भेंडीला मात्र आंबट आधी चालतं, उलट तेच हवं. भेंडी धुऊन, पूर्ण पुसून, मगच चिरा. तेलात परतताना सुरुवातीलाच दोन आमसुलं टाकली की तार कमी होते. मीठ सगळ्यात शेवटी, झाकण अजिबात नाही.

लाल माठ, मुळ्याचा पाला, शेवग्याचा पाला यांच्याबद्दल एवढंच: चिरण्याआधी धुवा, चिरल्यावर नको, मोठी कढई घ्या, मीठ भाजी बसल्यावर घाला, कारण ढीगभर दिसणारी पालेभाजी मूठभर होते आणि अंदाज चुकतो. ओलं खोबरं सढळ हाताने घाला.

अळूचं फदफदं

भाजीच्या अळूचे देठ आणि पानं पावसात भरपूर असतात. खाजेचं कारण त्यातले सुईसारखे टोकदार बारीक स्फटिक. हाताला आधी चिंचेचं पाणी किंवा तेल लावा, देठांची साल सोला, देठ आणि पानं वेगळी चिरा. मूठभर हरभरा डाळ आणि दाणे रात्रभर भिजलेले हवेत. फणसाच्या आठळ्या असतील तर ठेचून, सोलून, वेगळ्या शिजवून घ्या.

पानं, देठ, डाळ, दाणे कुकरमध्ये चार शिट्ट्या. अळू अर्धंकच्चं राहिलं तर खाजेलच. मग रवीने चांगलं घोटा, दोन चमचे डाळीचं पीठ पाण्यात कालवून लावा, आणि चिंचेचा दाट कोळ, गूळ, मीठ, गोडा मसाला, आठळ्या घालून दहा मिनिटं उकळू द्या. इथे आंबट नुसतं चवीला नाही, खाज मारायला आहे, म्हणून भरपूर, पण तेही अळू गळल्यावरच. वरून मेथीदाणा आणि सुक्या मिरचीची फोडणी, खोबऱ्याचे पातळ काप.

ऋषीची भाजी

क्रम शिकायचा असेल तर ही भाजी करावी. भाद्रपद शुद्ध पंचमीला, गणपतीच्या दुसऱ्या दिवशी, बैलाच्या कष्टाचं काही न खाता फक्त परसातलं खायचं असा नेम आहे. त्यामुळे त्या मोसमात दारात जे जे उगवतं ते सगळं एका पातेल्यात जमतं: सुरण, मक्याचं कणीस, कच्ची केळी, लाल भोपळा, पडवळ, दोडकी, भेंडी, अळू, लाल माठ. कांदा नाही, लसूण नाही, मसाला नाही. लपायला जागा नसलेली भाजी आहे ही, प्रत्येक जिन्नस आपापल्या चवीने ओळखू यावा लागतो.

पातेल्यात तळाशी आमसुलाच्या पाण्यात उकळून घेतलेलं सुरण आणि कणसाचे तुकडे, दोन वाट्या पाणी, दहा मिनिटं. मग केळी आणि अळूचे देठ, आणखी पाच मिनिटं. त्यावर भोपळा, पडवळ, दोडकी आणि चिरलेलं अळू, झाकून दहा मिनिटं. भेंडी आणि माठ शेवटी. सगळं मऊ झालं, अळूचा मागमूस लागेनासा झाला की चिंचेचा कोळ, मीठ, ठेचलेली हिरवी मिरची. पाच मिनिटं उकळी. आणि उतरवताना वाटीभर ओलं खोबरं.

केळफूल

घड उतरवला की केळफूल टाकून देणारे लोक पाहिले की वाईट वाटतं. हाताला तेल लावा. लाल पाकळ्या एकेक उघडून आतले फुलांचे फणे काढा. प्रत्येक फुलातली टोकाला गोळा असलेली ताठ काडी आणि बुडाशी असलेलं पारदर्शक सालपट काढून टाका. ही दोन्ही कितीही शिजवली तरी मऊ होत नाहीत. आतला पांढरा कोवळा गाभा तसाच चिरून घ्या. सगळं बारीक चिरून पातळ ताकात रात्रभर बुडवून ठेवा, तुरटपणा उतरतो.

सकाळी घट्ट पिळून, भिजवून शिजवलेल्या काळ्या वाटाण्यांबरोबर कांद्याच्या फोडणीवर टाका. मसाला, अर्धी वाटी पाणी, झाकण, पंधरा मिनिटं. मऊ झाल्यावर दोन आमसुलं, गूळ, आणि अर्धी वाटी भाजलेलं वाटप. कोवळ्या फणसाची कुयरीही याच पद्धतीने होते, फक्त ती आधी मोठ्या फोडी करून मीठ-हळदीच्या पाण्यात उकडायची आणि गार झाल्यावर ठेचून रेशे मोकळे करायचे.

उरलं तर

ओलं खोबरं वरून पेरलेली भाजी रात्रीपर्यंत बाहेर ठेवू नका, दुपारनंतर फ्रिजमध्ये. भाजलेल्या वाटपाची वांगी आणि केळफूल दुसऱ्या दिवशी अधिक चांगली लागतात. गरम करताना पाण्याचा हबका मारून झाकणावर पाणी ठेवून वाफ द्या, थेट मोठ्या आचेवर नको. आमसुलं दुसऱ्या दिवसापर्यंत भाजीत राहिली तर आंबटपणा वाढत जातो, म्हणून डब्यात भरण्याआधी ती काढून ठेवा.